आधीच झालेलं मतदान : पेठेतल्या एका केंद्राचं प्रकरण

निवडणूक झाली की पुण्यात एक वाक्य हमखास कानावर येतं : "रेशनला अंगठा लागतो, मग मताला का नाही?" ऐकायला बिनतोड वाटतं. मे २०२४ च्या लोकसभेला पुणे शहर काँग्रेसच्या अध्यक्षांच्याच नावावर कोणीतरी आधी मतदान करून गेल्याची तक्रार झाली, तेव्हा हे वाक्य जोरात होतं. जानेवारी २०२६ मध्ये महापालिकेच्या मतदानाला मार्करची शाई पुसली जाते असा गदारोळ उठला, तेव्हाही. या वाक्याचं नीट उत्तर द्यायचं तर एकच केंद्र, एकच बाई आणि एकच मत घेऊन शेवटपर्यंत जावं लागतं. पुढचं प्रकरण २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा मतदानातलं, शहराच्या जुन्या भागातल्या एका शाळेतल्या केंद्रावरचं. तिथे काम केलेल्यांकडून ऐकलेलं आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून पेठेचं नाव गाळलं आहे आणि नावं बदलली आहेत.

घडलं काय

दुपारी दोनच्या सुमारास अडुसष्ट वर्षांच्या एक काकू आल्या. चार घरी पोळ्या आणि भांडी करणाऱ्या. हातात मतदार ओळखपत्र आणि पक्षाच्या टेबलावरून आणलेली चिठ्ठी. पहिल्या मतदान अधिकाऱ्याने चिन्हांकित प्रतीत, म्हणजे येऊन गेलेल्यांवर खुणा करायच्या यादीत, त्यांचा अनुक्रमांक काढला, तर नोंदीवर आधीच खूण केलेली. मतदार येऊन गेल्याची ती खूण.

"काकू, तुमचं झालंय मतदान."

"अहो, मी आत्ता तर येतेय. बोट बघा."

बोट कोरं होतं. शाईचा ठिपका नाही, नखाच्या कडेला काळेपणा नाही. रांगेत कुजबुज सुरू झाली. एका उमेदवाराचा मतदान प्रतिनिधी उभा राहून "बोगस, बोगस" म्हणायला लागला. दुसऱ्या पक्षाच्या प्रतिनिधीला ते झोंबलं. केंद्राध्यक्ष मात्र शांत स्वभावाचे निघाले. त्यांनी काकूंना बाजूला बसवलं, नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, शेजारी कोण, असे चार प्रश्न विचारले, ओळखपत्रावरचा फोटो पाहिला आणि नियमाप्रमाणे प्रदत्त मतपत्रिका दिली.

हा प्रकार बहुतेकांना माहीत नसतो. निवडणूक संचालन नियम १९६१ मधला ४९-पी हा नियम सांगतो की तुमच्या नावावर कोणी आधीच मत देऊन गेलं असेल आणि तुमची ओळख पटत असेल, तर तुम्हाला परत पाठवायचं नाही. यंत्रावर मात्र मत देता येत नाही. कागदी मतपत्रिका मिळते, तिच्या पाठीवर 'प्रदत्त' असं लिहिलेलं असतं, बाणफुलीचा शिक्का मारायचा, घडी घालून केंद्राध्यक्षांच्या हातात द्यायची. नमुना १७-ब मध्ये सही. मग ती मतपत्रिका वेगळ्या पाकिटात बंद होते. मोजणीच्या दिवशी ते पाकीट उघडत नाहीत. निकालाला न्यायालयात आव्हान मिळालं आणि न्यायालयाला गरज वाटली तरच त्याचा विचार होतो.

काकूंनी शिक्का मारला, सही केली, बोटाला शाई लावून घेतली आणि गेल्या. आपलं मत मोजलं जाणार नाही हे त्यांना कोणी सांगितलं का, यावर केंद्रावरच्या दोघांचं एकमत नाही.

वहीत काय सापडलं

गर्दी ओसरल्यावर केंद्राध्यक्षांनी नमुना १७-अ ची वही पुढे ओढली. दुसऱ्या मतदान अधिकाऱ्याकडची ही वही : प्रत्येक मतदाराचा यादीतला अनुक्रमांक, दाखवलेल्या कागदाची नोंद, सही किंवा अंगठा. मतदान संपलं की ती सीलबंद होते आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय उघडता येत नाही. म्हणून जे काय शोधायचं ते सहाच्या आत.

काकूंच्या अनुक्रमांकापुढे सकाळची एक सही होती. सुवाच्य, शाळेत शिकवल्यासारखी पूर्ण नावाची. पहिलं नाव काकूंचंच, आडनावही तेच, पण मधलं नाव वेगळं. काकूंच्या यजमानांचं नाव दत्तात्रय, सहीत होतं दत्ताराम. एकाच वाड्यातली भावकी, दोन बिऱ्हाडं, दोन बायका, एकच नाव आणि एकच आडनाव. यादीत दोघींच्या मध्ये फक्त तीन ओळी. सकाळी पावणेनऊच्या गर्दीत दत्ताराम यांच्या पत्नी आधार कार्ड घेऊन आल्या, पहिल्या अधिकाऱ्याची पट्टी तीन ओळी वर लागली, त्याने तोच आकडा पुकारला, दुसऱ्याने तोच वहीत लिहिला. सही घेतली, वाचली नाही. दत्ताराम यांच्या पत्नींची खरी ओळ यादीत दिवसभर कोरीच राहिली.

बोगस मतदार असा कोणी नव्हताच. दोघी खऱ्या, दोघी त्याच केंद्राच्या, दोघींनी एकेकदाच मत दिलं. तरी एकीचं मत यंत्रात गेलं आणि दुसरीचं पाकिटात. केंद्राध्यक्षांनी आपल्या दैनंदिनीत सगळं लिहून ठेवलं. प्रदत्त मत एकदा दिलं गेल्यावर काकूंना यंत्रापाशी नेण्याची वाट उरली नव्हती.

इथे पहिल्या अधिकाऱ्यावर खापर फोडणं सोपं आहे. पण यादीतले फोटो पाहिले आहेत का कधी? टपाल तिकिटापेक्षा थोडे मोठे, काळेपांढरे, कित्येकांचे पंधरा वर्षांपूर्वीचे. दोघी बायका साठीच्या पुढच्या, दोघींचा पदर डोक्यावर. आदल्या दिवशी दिवसभर साहित्य ताब्यात घेण्यात गेलेला, पहाटे साडेपाचला अभिरूप मतदान, म्हणजे यंत्राची चाचणी, उरकलेलं, आणि रांग दारापर्यंत आलेली.

अंगठ्याचं यंत्र असतं तर

आता तोच दिवस पुन्हा मांडू. पहिल्या अधिकाऱ्यापुढे टॅबलेट आहे, शेजारी ठसा घेणारं यंत्र. रेशन दुकानात असते तशीच रीत : आधी नोंद निवडायची, मग बोट ठेवायचं. यंत्र फक्त एवढंच सांगतं की हे बोट त्या नोंदीतल्या बोटाशी जुळतं की नाही.

सकाळी पावणेनऊ. अधिकारी तीन ओळी वरची नोंद निवडतो. दत्ताराम यांच्या पत्नी बोट ठेवतात. लाल दिवा. अगदी बरोबर उत्तर, कारण नोंद चुकीची आहे. यंत्राने चूक पकडली, शंभर टक्के गुण.

दुपारी दोन. काकू येतात, नोंद बरोबर निवडली जाते. काकू बोट ठेवतात. लाल दिवा. कारण चार घरची भांडी घासून त्यांच्या बोटांवरच्या रेषा गेलेल्या आहेत. रेशन दुकानातही त्यांचा अंगठा लागत नाही, नातू जातो.

दोन्ही वेळी पडद्यावर एकच वाक्य : जुळत नाही. माणूस चुकीचा आहे, नोंद चुकीची आहे, की बोट झिजलेलं आहे, हे त्या वाक्यातून कळत नाही. आणि ज्या अधिकाऱ्याने सकाळपासून वीसजणांना "बोट पुसून परत ठेवा" म्हटलेलं असतं, तो एकविसाव्या लाल दिव्याचा अर्थ काय लावेल? "लागत नाहीये, जाऊ द्या पुढे." म्हणजे सकाळचा खरा इशाराही वाया गेला. उलट तो कडक असेल तर सकाळच्याही परत आणि दुपारच्याही परत. माझ्या मते या सगळ्या वादाचा गाभा इथेच आहे, आणि यंत्र विकणारे नेमके यावर गप्प असतात.

ठसा किती जुळला की पुरे मानायचं, हा यंत्राचा उंबरठा वरखाली करता येतो. कडक ठेवला तर परकं बोट आत येण्याची शक्यता घटते, पण खऱ्या माणसाला नकार मिळण्याची वाढते; सैल ठेवला तर उलट. दोन्ही एकाच वेळी शून्य होत नाहीत. पुणे जिल्ह्यात तेव्हा ८८ लाखांच्या पुढे मतदार होते आणि ८ हजारांवर केंद्रं. साठ टक्के लोक आले असं धरलं तर सुमारे ५३ लाख. शंभरात एकाच खऱ्या माणसाचं बोट नाकारलं गेलं तरी ५३ हजार माणसं झाली, २१ मतदारसंघांत मिळून. त्याच निवडणुकीत आंबेगावचा निकाल १,५२३ मतांनी लागला. २०१९ ला खडकवासला २,५९५ मतांनी गेलं होतं. आणि शंभरात एक हा आकडा मी फार उदारपणे धरला आहे. मार्च २०१८ मध्ये आधार प्राधिकरणाच्या मुख्य अधिकाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयातल्या सादरीकरणात सरकारी सेवांमधलं प्रमाणीकरण अयशस्वी होण्याचं प्रमाण १२ टक्के सांगितलं होतं.

शिवाय नकार सगळ्यांना सारखा वाटून येत नाही. कोथरूडच्या बँक अधिकाऱ्याचं बोट लागतं. मार्केट यार्डातल्या हमालाचं, बांधकामावर सिमेंट कालवणाऱ्याचं, धुणीभांडी करणारीचं, ऐंशीच्या आजोबांचं लागत नाही. चेहरा किंवा डोळ्याची बाहुली घेऊ म्हणावं तर मोतीबिंदू आणि शाळेच्या अंधाऱ्या वर्गातला प्रकाश आड येतो. हयातीच्या दाखल्यासाठी मोबाईलपुढे डोळे मिचकावणाऱ्या कोणत्याही निवृत्त माणसाला विचारा. पण हयातीचा दाखला आज नाही तर उद्या काढता येतो. मतदानाला उद्या नसतो.

वेळेचंही बघू. केंद्रावर १,२०० नावं, साठ टक्के मतदान म्हणजे ७२० माणसं. सात ते सहा, ६६० मिनिटं. मिनिटाला एकाहून जास्त. त्यातल्या पाच टक्क्यांचं बोट पहिल्यांदा लागलं नाही आणि प्रत्येकामागे तीन मिनिटं गेली, तर शंभरावर मिनिटं वाढली. महापालिकेला तर चार सदस्यांच्या प्रभागात एकेकाला चार वेळा बटण दाबायचं असतं. आधीच रांग कंटाळून घरी जाते, आणि ज्या शहरात लोकसभेला ५३ टक्क्यांच्या आसपास मतदान होतं तिथे हे परवडणारं नाही.

यंत्राच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. नोंद आधी निवडायची पद्धतच सोडली आणि बोट ठेवल्यावर यंत्राने केंद्राच्या १,२०० जणांतून माणूस स्वतः शोधायचा असं ठेवलं, तर सकाळची चूक झालीच नसती. दत्ताराम यांच्या पत्नींची ओळ आपोआप उघडली असती. हा खरा फायदा आहे. मात्र हेच काम मतदार चिठ्ठीवरचा क्यूआर कोड वाचूनही होतं, आणि त्याला कोणाचं बोट लागत नाही. या प्रकरणातली चूक पकडायला सकाळची सही कोणी वाचली असती तरी पुरलं असतं.

बाहेरच्यांनी काय पाहिलं

घानाने ७ डिसेंबर २०१२ च्या निवडणुकीत "पडताळणी नाही तर मत नाही" असा नियम केला. ठिकठिकाणी यंत्रं बंद पडली आणि काही केंद्रांवर दुसऱ्या दिवशी मतदान घ्यावं लागलं. मग पडताळणीशिवाय झालेल्या मतांवरून खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ऑगस्ट २०१३ पर्यंत चालला. केनियात मार्च २०१३ ला ओळख पटवणाऱ्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या संपल्या. मतदान शाळांच्या वर्गांत, वर्गात प्लग नाही, शेवटी छापील यादी. नायजेरियात २०१५ ला खुद्द राष्ट्राध्यक्ष गुडलक जोनाथन यांचं बोट यंत्राने घेतलं नाही. त्यांची ओळख कोणाला पटवायची होती? सगळा देश ओळखत होता. त्यांना कागदावर नोंद करून मत देऊ दिलं. आपल्या पोळीवाल्या काकूंना कॅमेऱ्यांपुढे ती सवलत मिळाली असती का, याचा विचार वाचकाने करावा. अफगाणिस्तानात सप्टेंबर २०१९ ला ज्या मतांना बायोमेट्रिक नोंद नाही ती बाद धरली आणि अंतिम निकाल यायला फेब्रुवारी २०२० उजाडला.

आपल्याकडचा प्रयोग छोटा आणि शहाणा होता. तेलंगणाच्या राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२० मध्ये कोमपल्ली नगरपालिकेच्या दहा केंद्रांवर चेहरा ओळखून पाहिला. यंत्राला चेहरा पटला नाही म्हणून कोणाला मत नाकारायचं नाही, ही अट आधीच घातलेली होती.

ठसे आहेत कोणाकडे?

"आधारला जोडून टाका" हे उत्तर लगेच येतं. निवडणूक आयोगाकडे मतदारांचे ठसे नाहीत, फोटो आहेत. ठसे आधार प्राधिकरणाकडे. मतदार यादीला आधार जोडण्याचा कार्यक्रम मार्च २०१५ मध्ये सुरू झाला आणि त्याच ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबला. डिसेंबर २०२१ मध्ये कायदा बदलून वाट पुन्हा उघडली, आधार क्रमांक कळवायचा नमुना ६-ब आला, पण आधार क्रमांक देणं ऐच्छिक असल्याचं आयोगाने सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयात सांगितलं. ज्याने दिला नाही त्याचं मत अडवता येत नाही. आधार हा नागरिकत्वाचा पुरावाही नाही. म्हणजे केंद्रावर काही लोकांचा ठसा तपासता येईल, काहींचा नाही, आणि एकाच रांगेत दोन कायदे चालतील.

दुसरं, यंत्र जोडलेलं असेल तर कोण येऊन गेलं आणि कोण अजून आलं नाही याची मिनिटामिनिटाची यादी कुठेतरी तयार होते. केंद्राबाहेरच्या टेबलांवर बसणाऱ्या कार्यकर्त्यांना दुपारी चारनंतर या यादीइतकं मोलाचं काही नसतं. ती त्यांच्या हाती पडणार नाही अशी खात्री देणारा मला अजून भेटलेला नाही.

पुण्याचं दुखणं यादीत आहे

काकूंच्या केंद्राच्या यादीत आणखी काय काय होतं हे बूथचे जुने प्रतिनिधी सहज सांगतात. पुनर्विकासाला दिलेले दोन वाडे, त्यांतली बिऱ्हाडं आंबेगाव बुद्रुक आणि नऱ्ह्याला गेलेली, नावं पेठेतच. वारलेले लोक. परदेशी गेलेली मुलं. आणि काहींचं नाव इथेही आणि तिथेही. हे काही काळंबेरंच असतं असं नाही. माणूस नव्या घरी गेला की नवीन अर्ज भरतो, जुनं नाव काढायला विसरतो.

अशा माणसाचं बोट दोन्ही केंद्रांवर जुळेल. दोन्हीकडे हिरवा दिवा, कारण दोन्ही नोंदी खऱ्या त्याच्याच. एकेका नोंदीशी बोट ताडणारं यंत्र दुबार मतदाराला पकडत नाही. ते करायचं तर राज्यातल्या साडेनऊ कोटींहून अधिक मतदारांचे ठसे गोळा करून प्रत्येकाचा प्रत्येकाशी मेळ घालावा लागेल. तो वेगळा आणि फार मोठा उद्योग आहे, आणि तो यादी करताना करायचा असतो, मतदानाच्या सकाळी नाही.

राज्य निवडणूक आयोगाने २०२५ च्या अखेरीस स्थानिक निवडणुकांसाठी साधा उपाय काढला : संभाव्य दुबार नावापुढे दोन तारे. अशा मतदाराने कोणत्या केंद्रावर मत देणार ते आधी सांगायचं. सांगितलं नसेल तर केंद्रावर दुसरीकडे मत दिलेलं नाही असं हमीपत्र लिहून द्यायचं. त्यावर टीका भरपूर झाली, आणि तारे किती बिनचूक लागतात हा प्रश्न रास्तच आहे. तरी दिशा मला पटते. संशय आला की माणसाला बाहेर काढायचं नाही, त्याच्याकडून लिहून घ्यायचं आणि मत देऊ द्यायचं. प्रदत्त मताचा नियम हेच म्हणतो. नंतर खोटं निघालं तर तोतयेगिरीला एक वर्षापर्यंत कैद आहेच.

आणि पाकिटातल्या मताला अगदीच किंमत नसते असंही नाही. राजस्थानात नाथद्वारा इथे डिसेंबर २००८ ला काँग्रेसचे सी. पी. जोशी एका मताने हरले, तेव्हा प्रदत्त मतांचा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. काकूंच्या मतदारसंघात फरक मोठा होता. त्या पाकिटाची कोणाला गरज पडली नाही.

प्रयोग करायचाच तर

पुण्यात कधी एखाद्या प्रभागात ठशाचा किंवा चेहऱ्याचा प्रयोग झालाच, तर मी तीन गोष्टी मागेन. पहिली, लाल दिव्यानंतरही मत मतदान यंत्रावरच द्यायला मिळालं पाहिजे, पाकिटात नाही. ओळख पटवायचा अधिकार केंद्राध्यक्षांचाच राहावा, आज चार प्रश्न विचारून ते करतात तसाच. दुसरी, प्रयोगाचं केंद्र कर्वेनगरच्या सोसायटीत नको. जनता वसाहतीत, मार्केट यार्डाच्या मागे, किंवा जिथे धुणीभांडी करणाऱ्या बायका राहतात तिथे घ्या. बोटं तिथेच कळतील. तिसरी, किती जणांचं बोट लागलं नाही, त्यांत बायका किती, साठीच्या पुढचे किती आणि त्यांच्यापैकी किती जण मत न देताच परत गेले, हा आकडा केंद्रवार, मतदानाच्या संध्याकाळीच टक्केवारीबरोबर जाहीर व्हावा.

काकूंचं पुढे एवढंच झालं की मतदान केंद्रस्तरीय अधिकारी बाईंनी नंतर नोंद दुरुस्तीचा नमुना ८ भरून घेतला, नवा फोटो लावला आणि दोन्ही बिऱ्हाडांना वेगवेगळे घर क्रमांक लावायचं सुचवलं. घर क्रमांकाचं अजून झालेलं नाही. वाड्याची मिळकत एकाच नावावर आहे आणि भावकीत त्यावरून बोलणं बंद आहे.